मी लॉजिस्टिक्समध्ये आहे

मंडळाच्या गणपतीत आरती झाली, की प्रसादाच्या रांगेत नव्या ओळखी होतात. नाव काय, गाव कुठलं, इथे किती वर्षं झाली, आणि मग ठरलेला चौथा प्रश्न: "आपण काय करता?" २०२२ च्या गणपतीत या प्रश्नाला मी एकच उत्तर देत होतो. "लॉजिस्टिक्समध्ये आहे." समोरचा मान डोलावायचा, "अच्छा, सप्लाय चेन का?" म्हणायचा, आणि मी मोदकाचं ताट पुढे करून विषय बदलायचो.

तुमच्यापैकी ज्यांना ज्यांना मी हे उत्तर दिलंय, त्यांची आधी माफी मागतो. मी लॉरी चालवतो. चव्वेचाळीस टनी, सहा आसांची, साडेसोळा मीटर लांबीची आर्टिक. पुढे ओढणारी गाडी, मागे ट्रेलर. तुम्ही एम-१ वर मागून येऊन "काय हा रेंगाळतोय" म्हणत जिला ओलांडून जाता, तिच्यात बहुधा मीच असतो. मी रेंगाळत नाही हो. गाडीला कंपनीतूनच ताशी ५६ मैलांवर लगाम घातलेला असतो.

संपादकांनी या अंकासाठी "तुमच्या कामाबद्दल लिहा" असं सांगितलं तेव्हा म्हटलं, मजेशीर किस्से लिहावेत. लिहायला बसलो आणि आठवले ते सगळे वैतागाचेच दिवस. मग तेच लिहायचं ठरवलं.

चाकामागे कसा आलो

मी कराडचा. डिप्लोमा मेकॅनिकल. बायको नर्स, तिच्या नोकरीमुळे २००५ मध्ये आम्ही इथे आलो आणि काही वर्षांनी स्टॅनमोरला स्थिरावलो. मी विमानतळाजवळ, विमानांत जेवण पुरवणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात होतो. २०२० मध्ये विमानंच जमिनीवर बसली, तेव्हा जेवण कुणाला पुरवणार? नोकरी गेली. वर्षभर इकडेतिकडे हातपाय मारले. वय पंचेचाळीस, आणि प्रत्येक मुलाखतीत समोर पंचविशीतली मुलं.

त्याच सुमाराला देशात लॉऱ्या होत्या, पण चालवायला माणसं नव्हती. रोड हॉलेज असोसिएशन एक लाखाहून जास्त चालक कमी आहेत असं सांगत होती. ब्रेक्झिटनंतर युरोपातले बरेच चालक परतले होते, कोविडमध्ये लायसन्सच्या परीक्षा महिनोन्महिने बंद होत्या, आणि जुने चालक निवृत्त होत होते. सप्टेंबर २०२१ मधल्या पेट्रोल पंपांवरच्या रांगा तुम्हाला आठवत असतील. पेट्रोल होतं, ते पंपापर्यंत आणणारा नव्हता. सरकारने परदेशी चालकांना पाच हजार तात्पुरते व्हिसा देऊ केले, आणि ऑक्टोबरात लष्कराची माणसं टँकरवर बसवली.

आमच्या घरासमोरच्या रस्त्यावर बायको पेट्रोलसाठी पाऊण तास थांबली आणि घरी येऊन म्हणाली, "तुम्हाला तर गाड्यांचं वेड आहे. तुम्हीच का नाही शिकत?" ती गंमतीत म्हणाली होती. मी त्या रात्री झोपलो नाही.

वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा, पडद्यावर धोके ओळखायची परीक्षा, मागे गाडी घेण्याची परीक्षा, रस्त्यावरची परीक्षा, शिवाय व्यावसायिक चालकाचं वेगळं प्रमाणपत्र. १५ नोव्हेंबर २०२१ पासून नियम बदलला आणि आधी छोट्या लॉरीची परीक्षा न देता थेट आर्टिकची देता येऊ लागली. डिसेंबरात पास झालो. साठवलेले दोन हजारांहून जास्त पौंड त्यात गेले. जानेवारी २०२२ मध्ये पहाटे चार वाजता पहिल्यांदा कामावर गेलो.

बायकोला माहीत होतं, मुलीला माहीत होतं. कराडला बाबांना सांगितलं नाही. का, ते पुढे सांगतो.

घड्याळाची नोकरी

तुम्हाला वाटेल, या कामात वैताग येतो तो गाडी चालवण्याचा. अजिबात नाही. पहाटे पाचला रिकामा रस्ता, उजवीकडे उजाडतंय, गाडी एका सुरात चाललीये. यासारखं सुख नाही. वैताग असतो तो थांबण्याचा.

आमच्या गाडीत टॅकोग्राफ नावाचं यंत्र असतं. त्यात आपलं कार्ड घालायचं. गाडी कधी चालली, कधी थांबली, किती वेगात होती, सगळं त्यात नोंदलं जातं. साडेचार तास गाडी चालवली की पंचेचाळीस मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते. दिवसाला नऊ तास चालवायचं, आठवड्यातून दोनदा दहा. आठवड्याला जास्तीत जास्त छप्पन्न, सलग दोन आठवड्यांत नव्वद. दोन दिवसांच्या मध्ये अकरा तास विश्रांती. ती काही वेळा नऊ तासांपर्यंत आणता येते, पण त्याहून कमी नाही. म्हणजे कितीही झालं तरी कामाला लागल्यापासून पंधराव्या तासाला तुम्ही थांबलेले असले पाहिजेत.

नियम चांगलेच आहेत. झोपाळलेल्या माणसाच्या हातात चव्वेचाळीस टन कुणी द्यावेत? पण गंमत अशी, की घड्याळ माझं चालतं आणि वेळ दुसरेच खातात.

मिडलँड्समधलं एखादं मोठं वितरण केंद्र घ्या. डॅव्हेंट्रीच्या आसपास, एम-१ च्या जंक्शन १८ च्या भोवती अशी गोदामं गावासारखी पसरली आहेत. माझी वेळ सकाळी आठची. मी पावणेआठला हजर. खिडकीतला माणूस म्हणतो, किल्ली इथे दे, त्या खोलीत बस. खोलीत माझ्यासारखे पंधरा जण. एक पोलिश, दोन रोमेनियन, एक हडर्सफील्डचा शीख बुजुर्ग, बाकी इंग्रज. चहाचं मशीन बंद. नऊ, दहा, साडेअकरा. मी पंधरा मिनिटं उशिरा आलो असतो तर माल परत पाठवला असता. त्यांनी चार तास बसवून ठेवलं तर कुणी "सॉरी"ही म्हणत नाही. आणि त्या चार तासांत माझे पंधरा तास मेणबत्तीसारखे वितळत असतात.

कधी कधी स्वच्छतागृह वापरू का असं विचारलं तर "ते स्टाफसाठी आहे" असं उत्तर मिळतं. नियम तसा नाही. माल घेऊन आलेल्या चालकाला ती सोय दिली पाहिजे असा इथला नियम आहे. पण खिडकीतल्या माणसाशी नियमावर भांडलं, तर आपली किल्ली सगळ्यात शेवटी परत मिळते, हेही तितकंच खरं. त्या शीख आजोबांनी मला पहिल्या महिन्यात सांगितलं होतं, "पुत्तर, इस काम में ड्रायविंग सब सीख लेते हैं, बैठना कोई कोई सीखता है।"

आपली द्राक्षं

बंदरांची तऱ्हा वेगळी. तिथे कंटेनर उचलायची वेळ आधी आरक्षित करावी लागते. नवशिक्यांची एक फजिती सांगतो. लंडन गेटवे नावाच्या दोन जागा आहेत. एक एसेक्समधलं थेम्सकाठचं बंदर, २०१३ मध्ये सुरू झालेलं. दुसरी आपल्या एजवेअर-मिल हिलजवळची एम-१ वरची विश्रांतीची जागा. ऑफिसातून फोनवर फक्त "लंडन गेटवे" असं सांगितलं आणि मी एकदा घरापासून चार मैलांवर जाऊन उभा राहिलो. कंटेनर पन्नासेक मैल लांब होता.

२०२४ च्या मार्चात मला बंदरावरून एक थंड कंटेनर मिळाला. दिवस तसा वाईटच गेला होता. दोन तास दारात, तासभर एम-२५ वर. चालकाला सील तोडता येत नाही, त्यामुळे आत काय आहे ते कागदावरच दिसतं. गोदामात दार उघडलं आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांवर छापलं होतं: नाशिक.

नाशिकची द्राक्षं न्हावा-शेवा बंदरातून निघतात. एरवी लाल समुद्र आणि सुवेझ कालव्यातून येतात. पण २०२३ च्या शेवटापासून तिथे जहाजांवर हल्ले होऊ लागले आणि बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून यायला लागली. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी वाढला. म्हणजे निफाड-दिंडोरीकडच्या कुणीतरी छाटलेली, निवडलेली, डबीत भरलेली ती द्राक्षं शून्य अंशाच्या आसपासच्या थंडीत अर्धी आफ्रिका फिरून माझ्या पाठीमागे बसली होती. त्यांच्यापुढे माझे तीन तास काय?

फोर्कलिफ्टवाल्याला मी म्हटलं, "ही माझ्याकडची आहेत." तो म्हणाला, "मग एक पेटी फुकट मिळेल का?" मी म्हटलं, "मला मिळाली तर तुला देईन."

पूल, सायकली आणि लंडन

गावात शिरलं की वेगळा घाम फुटतो. या देशात रेल्वेचे जुने पूल किती, आणि त्यांना वर्षाला दीड हजारांहून जास्त वेळा गाड्या धडकतात. म्हणजे रोज चार. पुलावर उंचीची पाटी नसेल तर निदान सोळा फूट सहा इंच जागा आहे असं समजायचं. पाटी असेल तर तिच्यावरचा आकडा आणि गाडीतल्या पाटीवरचा आकडा पुन्हा पुन्हा ताडून बघायचा. मोटारीचा सॅटनॅव्ह वापरून मी एकदाच फसलो. पुलाच्या अलीकडे वीस यार्डांवर थांबलो, मागे सत्तर गाड्या, सगळे हॉर्न वाजवताहेत. पोलीस येऊन रस्ता मोकळा करेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. एवढी वर्षं इथे राहून इंग्रज माणूस हॉर्न वाजवत नाही असा माझा समज होता. तो त्या दिवशी गेला.

लंडनमध्ये रात्री आणि शनिवार-रविवारी अठरा टनांहून जड गाड्यांना बहुतेक रस्त्यांवर परवानगीशिवाय बंदी असते. ही बंदी १९८५ पासून आहे, लोकांना झोप मिळावी म्हणून. शिवाय मोठ्या गाडीच्या केबिनमधून चालकाला आजूबाजूचं किती दिसतं यावर तारे दिले जातात, आणि ऑक्टोबर २०२४ पासून तीन ताऱ्यांपेक्षा कमी असलेल्या गाडीला जादा कॅमेरे आणि सेन्सर बसवावे लागतात. हे सगळं योग्यच आहे. डाव्या बाजूला, दाराच्या खाली, एक अख्खा सायकलस्वार माझ्या नजरेआड राहू शकतो. या कामात मला खरी भीती वाटते ती एवढीच.

बाबा

आता ते राहिलेलं.

माझे बाबा ट्रक ड्रायव्हर होते. टाटा १२१०, गाडी मालकाची. कराडहून साखर किंवा गूळ भरायचा, खंबाटकी, कात्रज, मग खंडाळ्याचा घाट उतरून मुंबई. मानखुर्दच्या जकात नाक्यावर रात्र रात्र रांगेत. हातात कागद घेऊन एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीकडे. कामाचे दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस, असा कायदा १९६१ मध्येच झाला होता. बाबांना तो कुणी कधी वाचून दाखवला नाही. सलग दोन रात्री जागून घरी आले, की अंगणात बाजेवर बूट न काढता झोपायचे. आई बूट काढायची.

ते मला एकच सांगायचे: "काय वाट्टेल ते कर. हातात स्टेअरिंग धरू नको." डिप्लोमाची फी त्यांनी त्या बुटांतून काढली. मी लंडनला निघालो तेव्हा सगळ्या अड्ड्यावर पेढे वाटले होते. अशा माणसाला कसं सांगायचं, की पंचेचाळिसाव्या वर्षी, एवढा समुद्र ओलांडून, मी तुमचंच काम धरलंय?

दहा महिने सांगितलं नाही. त्यांनाही "लॉजिस्टिक्स"च.

२४ ऑक्टोबर २०२२. सोमवार, लक्ष्मीपूजन. पहाटे साडेतीनला कामाला लागलो होतो, म्हणजे चारपर्यंत परत येऊ असा हिशेब. पहिल्या गोदामात चार तास बसलो. दुसऱ्यात दोन. येताना एम-१ वर अपघात, तिन्ही लेन बंद. संध्याकाळी सहा वीसला एजवेअरच्या अलीकडे पोचलो तेव्हा माझे पंधरा तास संपायला दहा मिनिटं होती. आमचं यार्ड अजून अर्ध्या तासावर. ऑफिसात फोन केला. उत्तर: "सर्व्हिसेसला लाव. मागे माल आहे, गाडी सोडून जायचं नाही."

म्हणून मी लंडन गेटवेला गाडी लावली. बंदरावर नव्हे, आपल्या इथल्या. घरापासून चार मैल. रात्रभराच्या पार्किंगचे तीस पौंडांहून जास्त. आतल्या टीव्हीवर ऋषी सुनक पंतप्रधान होणार म्हणून बातम्या चालल्या होत्या, लोक माझ्याकडे बघून "हॅपी दिवाली" म्हणत होते, आणि मला कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं. केबिनमध्ये येऊन पडदे ओढले. फोनवर बाबांचे तीन मिस्ड कॉल. दरवर्षी पूजा झाली की व्हिडिओवर सगळे भेटतो. कराडला रात्रीचे अकरा वाजून गेले होते.

तेवढ्यात दारावर टकटक. बायको आणि मुलगी. जंक्शन ४ वरून एम-१ ला लागलं की लगेच ही जागा लागते. पूजा उरकून, फराळाचा डबा, भाजी-पुरी आणि बॅटरीची पणती घेऊन दोघी आल्या होत्या. डिझेलच्या गाड्यांमध्ये खरी पणती नको, एवढं भान मुलीला होतं. तिघं केबिनमध्ये बसलो. ती पणती डॅशबोर्डवर ठेवली, दसऱ्याला मी लावलेल्या झेंडूच्या वाळक्या माळेशेजारी. आणि फोन परत वाजला.

मी उचलला. लपवायला जागाच नव्हती. मागे बंक, समोर हातभर रुंदीचं स्टेअरिंग.

बाबा बघत राहिले. मग म्हणाले, "केबिन मोठी आहे."

मी म्हटलं, "हो."

"किती टनाची?"

"चव्वेचाळीस."

थोडा वेळ काहीच नाही. मग विचारलं, "एसी आहे?" आहे म्हटलं. "झोपायला जागा?" मी फोन फिरवून बंक दाखवला. "किती झोपू देतात?" निदान नऊ तास, म्हटलं, कायदाच आहे. त्या आधी गाडी हलवली तर दंड.

"नऊ तास," ते म्हणाले. आणि परत म्हणाले, "नऊ तास." मग डोळे पुसले, आणि आईला हाक मारून म्हणाले, "अगं, बघ, ह्याला झोपू देतात."

मी कुठली कुठली वाक्यं दहा महिने तयार ठेवली होती. एकही लागलं नाही. आता ते रोज विचारतात, आज कुठे उभा होतास, किती वेळ. खंबाटकीच्या गोष्टी, ज्या त्यांनी मला लहानपणी कधी सांगितल्या नाहीत, त्या आता मला आणि माझ्या मुलीला सांगतात. मला वाटायचं त्यांना त्या कामाची लाज होती. लाज नव्हती. त्या कामाने माणसाला माणूस म्हणून वागवलं नाही, याचा राग होता.

२०२४ च्या १ जानेवारीला महाराष्ट्रात आणि इतरत्र चालकांनी गाड्या थांबवल्या, अपघात करून न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा देणाऱ्या नव्या कलमाविरुद्ध. मनमाडच्या टँकरवाल्यांनी चाकं थांबवली आणि दोन दिवसांत पंपांवर रांगा लागल्या. बाबा फोनवर म्हणाले, "बघ, रांग लागली की लोकांना ड्रायव्हर आठवतो." मला सप्टेंबर २०२१ मधली आमच्या रस्त्यावरची रांग आठवली.

तुमच्याकडे एवढंच मागणं

लॉरीने डावीकडे वळायचा दिवा लावला असेल तर तिच्या डाव्या बाजूने पुढे घुसू नका, आणि सायकल चालवणाऱ्या मुलांना हे आजच सांगा. तुम्हाला माझे आरसे दिसत नसतील, तर मला तुम्ही दिसत नाही. तुमच्या ऑफिसात, दुकानात, दवाखान्यात माल घेऊन कुणी आला, तर त्याला स्वच्छतागृह कुठे आहे ते सांगा. चहा विचारलात तर तो तुम्हाला वर्षभर विसरणार नाही. आणि तुमच्यापैकी कुणी अशा एखाद्या गोदामाच्या वेळापत्रकावर, खरोखरच सप्लाय चेनमध्ये, काम करत असेल, तर त्या खोलीतलं चहाचं मशीन तेवढं दुरुस्त करून घ्या.

इथे वाढलेल्या मुलांना एक सांगतो. माझ्या मुलीला शाळेत कुणी विचारलं की तीही "लॉजिस्टिक्स" म्हणायची, माझ्याकडूनच शिकली होती. त्या दिवाळीनंतर तिने वर्गात सांगितलं, "माझे बाबा लॉरी चालवतात, माझे आजोबाही चालवायचे." एका मुलाने विचारलं, हॉर्न वाजवू देतील का? त्याच्या वाढदिवसाला वाजवू दिला.

यंदा लक्ष्मीपूजनाला मी रजा टाकली आहे. मिळेल असं म्हणतात. नाही मिळाली, तर लंडन गेटवेला या, घरापासून फार लांब नाही. फराळाचा डबा केबिनमध्ये असतो.

शुभ दीपावली. आणि पुढच्या गणपतीत विचारा, "आपण काय करता?" नीट उत्तर देईन.